निघालीस का एक दाब

पाटणखार गावात सरपंचापासून वायरमनपर्यंत सगळ्या बाप्यांना एक बाई फोन करून "आये" म्हणायची, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. माणसाला कशाचीही सवय होते. शिवाय ती बाई वारलेली होती, त्यामुळे तिला उलटून बोलायची सोय नव्हती.

तिचं नाव कल्पिता. ठमाबाई आणि दयाराम म्हात्रे यांची एकुलती एक मुलगी. वाशीला एका कंपनीत ती मीटर बनवायची. पाण्याचे, वाफेचे, आणखी कसले कसले. गावात इंजिनिअर झालेले मुलगे पुष्कळ होते. ते सगळे डंपर चालवायचे. इंजिनिअर होऊन इंजिनिअरचंच काम करायचा चमत्कारिक प्रकार तिने एकटीने केला.

पाटणखार खाडीला लागून आहे, आणि मोठ्या भरतीचं पाणी गावापेक्षा उंच असतं. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून गाव आहे. बांधात एक लोखंडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ते चाकाने खालीवर होतं. आतल्या तळ्यांतल्या जिताडा माशांना ताजं पाणी लागतं, त्यामुळे दार एरवी उघडं ठेवतात. गावातल्या माणसांनाही ताजं पाणी लागतं, पण त्यांचा विषय वेगळ्या खात्याकडे आहे. रोजची भरती नाल्यातच राहते. अमावास्या-पुनवेला उधाण आलं की मात्र दार पाडावंच लागतं. विसरलं तर खारं पाणी शेतात, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात भात होत नाही, नुसत्या चर्चा होतात.

दार बघायचं काम म्हात्र्यांच्या घराकडे पूर्वीपासूनचं. त्यांचं घरच बांधाला टेकून आहे. दयाराम ते काम करायचा, आणि एका उधाणाला तो उघाडीच्या पायऱ्यांवरून शेवाळाने घसरून खाली गेला. खुबा मोडला. पडताना त्याने हवेत हात असे पसरले होते की बघणाऱ्याला वाटावं, गडी मुद्दाम सूर मारतोय. तेव्हापासून तो ओटीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत असतो, आणि घरात त्या प्रसंगाला 'बाबांची उडी' म्हणतात. मग दाराचं काम ठमाबाईकडे आलं. ती उधाणाच्या दिवशी सकाळपासून बांधावर छत्री घेऊन बसायची आणि पाण्याकडे बघायची.

कल्पिताला ते आवडेना. "आये, पानी बघायला मानूस कशाला लागतो?" असं म्हणून तिने एक यंत्र केलं. उघाडीपाशी लोखंडी पाइप, पाइपावर करड्या रंगाचा डबा, डब्याच्या पोटाला एक डोळा. डोळा खाली पाण्यावर आवाज सोडतो, तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून पाणी किती लांब आहे ते ओळखतो. वटवाघूळ हेच करतं, फक्त त्याचा सत्कार होत नाही. पाणी बांधाच्या खुणेला लागलं की डबा ठमाबाईला फोन लावायचा. तिने एकचं बटण दाबलं तर डब्याला कळायचं की बाई निघाली. नाही दाबलं तर तो तीन वेळा फोन करायचा, आणि मग दार पडेपर्यंत गावातल्या बाकीच्या नंबरांना.

आवाज कल्पिताने स्वतःचाच भरला. ओटीवर बसून, घाईघाईत. "आये, मी कल्पिता. पानी बांदाला लागलंय. दार बंद कर जा. निघालीस का एक दाब." मागे दयाराम खोकत होता, तो खोकलाही त्यात गेला.

"बाकीच्यांना पन आयेच बोलनार काय?" दयारामने विचारलं.

"त्यांचं नंतर भरू. आदी आयेचं."

नंतर राहून गेलं. भादव्यात पाइप पक्का करायला ती दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, आणि टाचेला पत्रा लागलेला होता. ताप आला. डॉक्टर म्हणाले लेप्टो. साचल्या पाण्यात उंदरांमुळे होतो. अलिबागहून तिला मुंबईला नेलं, आणि मुंबईहून आणलं.

यंत्राचा पहिला फोन तिच्या तेराव्याला आला. पंगत बसली होती. ठमाबाईच्या कमरेच्या पिशवीत तो बटणांचा लहान फोन वाजला. तिने उचलला.

"आये, मी कल्पिता."

"बोल बाय," ठमाबाई म्हणाली.

कल्पिता बोलली. पाणी लागलंय, दार बंद कर, एक दाब. ठमाबाईचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला. एक दाबलं म्हणजे फोन संपला. मुलीचा फोन आल्यावर तो संपवायची घाई कुठल्या आईला असते? तिने दाबलं नाही. फोन आपोआप कटला, परत वाजला. आये, मी कल्पिता. परत कटला, परत वाजला. मग पंगतीतल्या बाप्यांचे खिसे एकामागून एक वाजायला लागले. गावातल्या विनेशने वरणाच्या हाताने फोन कानाला लावला, पलीकडून त्याला कुणीतरी "आये" म्हटलं, आणि तो दचकून उभा राहिला. "व्हय, आलो," असं म्हणून तो तसाच उष्ट्या हाताने बांधाकडे पळाला. दार त्याने पाडलं.

तेव्हापासून पद्धतच पडली. उधाण आलं की फोन आधी ठमाबाईला, तीनदा. ती ऐकायची. मग गावाला, आणि गावातलं कुणीतरी बटणाच्या फंदात न पडता पळायचं. काकीला बटणं समजत नाहीत, असं गावाने ठरवून टाकलं. हीच काकी गॅसवाल्याला, कोळणीला आणि भाचीला न चुकता फोन लावायची, पण दुःखातल्या माणसाकडे गाव फार बारकाईने बघत नाही. तेवढा चांगुलपणा गावात होता.

विनेश नवतरुण मंडळाचा अध्यक्ष. वय बेचाळीस. फेब्रुवारीत त्याला मोबाईलवर कळलं की विज्ञानातल्या महिलांचाही एक दिवस असतो. तो तडक म्हात्र्यांच्या ओटीवर आला.

"काकी, आपुन साजरा करायचा. जोरात. आपल्या कल्पीएवरी हुशार बाई आख्ख्या पट्ट्यात नाय. तिचा सत्कार नको करायला?"

"तिचा?"

"तिचा म्हंजे तुमचा."

"माजा पन कर," दयाराम खुर्चीतून म्हणाला. "खोकला माजा हाय त्यान."

विनेशची पुतणी प्राप्ती तेव्हा तिथेच होती. माणगावकडे कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती, सुट्टीला गावी आली की डब्यातली कोळिष्टकं आणि मिठाची पुटं काढायची. पाइप रोवला त्या दिवशी तो धरायला हीच होती.

"विनेशकाका, साजरा नंतर कर," ती म्हणाली. "मला त्या डब्याला दुसरा सेन्सर लावायचाय. एकावर भरवसा ठेवून चालत नाही. फक्त शिडी धरायला माणूस दे एक."

"देऊ ना. कार्यक्रम होऊ दे. आता सगली पोरं कामात हायत."

"कसल्या?"

"महिलांच्या."

फ्लेक्स विनेशने स्वतः बनवून घेतला. त्यावर रॉकेट होतं, सूक्ष्मदर्शक होता, चंद्रावर चालणारा एक माणूस होता, आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेली मंडळाची डोकी होती. मध्ये कल्पिता. फोटो मामेबहिणीच्या लग्नातला होता. नवरीला कापून काढलं होतं, पण कल्पिताच्या खांद्यावर तिचा मेंदीचा हात राहिला, तो काही कापता आला नाही. नावामागे 'कै.' लिहायचं विनेशने टाळलं. रॉकेटशेजारी ते बरं दिसेना.

कार्यक्रमाच्या सकाळी मंडळ आधी ढोल घेऊन उघाडीवर गेलं. यंत्राची पूजा. पाइपाला हळदकुंकू लावलं, पायथ्याशी नारळ फोडला, आणि विनेशने क्रेनने मंत्र्यांना घालतात तसला झेंडूचा हार काढला.

"हार नको," प्राप्ती म्हणाली. "डोळा खालच्या बाजूला आहे. हार वाऱ्याने डोळ्याखाली आला तर त्याला वाटेल पाणीच वर आलं."

"दसऱ्याला डंपरला हार घालतो. डंपरला काय वाटतं?"

"डंपर बघत नाही काका."

"म्हनून तर एवरे ठोकतो," मागून कुणीतरी म्हणालं आणि ढोलवाले हसले.

"शुभ कामात फाटे फोरू नको प्राप्ती. तू जा, चहाचं बघ. पाव्हने येतील."

तर अशा रीतीने विज्ञानातल्या महिलांच्या दिवशी, गावातली विज्ञान शिकणारी एकुलती हयात महिला चहा गाळायला गेली. ठमाबाईने ते पाहिलं. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तोवर तिला कुणीतरी धरून शाळेच्या पटांगणात नेलं आणि व्यासपीठावर बसवलं. व्यासपीठावर बाकी सगळे बापे होते. कल्पिता मागे फ्लेक्सवर.

प्रमुख पाहुण्यांचा प्लॉट पाडून विकायचा धंदा होता. माणूस चांगला होता. भाषणाला तयारी करून आला होता. स्त्री ही शक्ती आहे, स्त्री ही ज्योती आहे, असं म्हणत म्हणत तो फ्लेक्सकडे वळला. "आज कल्पिताताई कामामुळे अजून पोचलेल्या दिसत नाहीत. हरकत नाही. काम आधी! मी त्यांना एवढंच सांगेन, ताई, थांबू नका. अजून पुष्कळ पुढं जायचंय तुम्हाला. त्यांना उदंड आयुष्य लाभो, अशी मी ईश्वरचरणी प्रार्थना करतो."

विनेशचे कान लाल झाले. 'कै.' न लिहिल्याचं असं होईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रमुख पाहुण्यांना माईकवर दुरुस्त कसं करायचं याची पद्धत कुणालाच माहीत नव्हती. मग सवयीने कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली.

ठमाबाईने नाही वाजवली. ती त्या माणसाकडे टक लावून बघत होती. इतक्या महिन्यांत सगळे येऊन होती म्हणायचे. चांगली होती, हुशार होती, गुणाची होती. हा पहिलाच, जो म्हणाला पुढं जायचंय. तिला वाटलं, याने अजून थोडं बोलावं.

पण त्याने शाल घेतली. ती तिच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, आणि नेमका तेव्हा खाडीवरचा दुपारचा वारा सुटला. तिकडे बांधावर झेंडूचा हार झुलत झुलत डोळ्याखाली गेला. इकडे ठमाबाईची पिशवी वाजली.

तिने नारळ काखेत धरला आणि फोन उचलला. नंबर बघताच विनेशच्या तोंडचं पाणी पळालं. पण डब्याचा नंबर ठमाबाईच्या फोनात 'कल्पी' नावाने होता, आणि प्रमुख पाहुण्यांनी ते स्क्रीनवर वाचलं होतं.

"अरे वा! मॅडमचाच फोन!" ते म्हणाले, आणि उत्साहाने त्यांनी माईक फोनला लावला.

चारही कर्ण्यांतून ती बोलली. "आये, मी कल्पिता." मागे दयाराम खोकला. खुर्चीसकट उचलून समोर आणून बसवलेला दयारामही नेमका तेव्हाच खोकला, आणि तो एकच खोकला पटांगणाने दोनदा ऐकला. "पानी बांदाला लागलंय. दार बंद कर जा. निघालीस का एक दाब."

"या मॅडम, या!" प्रमुख पाहुणे फोनमध्ये म्हणाले. "आम्ही सगळे तुमचीच वाट बघतोय."

एका म्हातारीने हुंदका दिला. मग दुसरीने. पाहुणे गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिले. ठमाबाईने एक दाबलं नाही. फोन कटला, वाजला, कटला, वाजला. मग बाप्यांचे खिसे वाजायला लागले, आणि भर दुपारी, ओहोटीच्या वेळी, सत्कार अर्धा टाकून अख्खं गाव बांधाकडे पळालं. पाहुणेही पळाले. का, ते त्यांना माहीत नव्हतं, पण सगळे पळत असताना एकट्याने व्यासपीठावर उभं राहणं बरं दिसत नाही.

खाडीत पाणी नव्हतं. चिखल होता, आणि चिखलात दोन बगळे. डब्याच्या डोळ्याखाली झेंडू हलत होता.

"यंत्र बिघरलं," विनेश म्हणाला.

"हार घातलात म्हणून!" प्राप्ती चहाच्या किटलीसकट आली होती.

"हारात काय दोष हाय? देवाला रोज हार घालतो. देव कंदी खोटा फोन करत नाय."

यंत्र भ्रमिष्ट झालंय, बाई गेल्यापासून त्याचं मन लागत नसणार, यापुढे त्याच्यावर विसंबायचं नाही, असं गावाने बांधावरच ठरवलं.

पाहुण्यांना विनेशने गाडीपाशी खरं काय ते सांगितलं. ते परत फिरले. बांधावर एकट्या उभ्या असलेल्या ठमाबाईपुढे येऊन उभे राहिले. बूट चिखलाने भरले होते.

"आई, मला कुणी सांगितलंच नाही हो."

"तुमी चांगलं बोललात," ठमाबाई म्हणाली. आणि मग, ते जायला वळल्यावर, "खरंच चांगलं बोललात."

उन्हं उतरल्यावर प्राप्ती शिडी घेऊन एकटीच आली. ठमाबाई सत्काराच्या शालीतच होती. काढायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"हार काढते काकी. शिडी तेवढी धराल?"

ठमाबाईने शिडी धरली. प्राप्ती वर चढली, हार सोडवला, डबा उघडून आत काहीतरी बघत राहिली. वरूनच म्हणाली, "काकी, एक विचारू? रागवू नका."

"इचार."

"तुम्हाला बटणं समजतात."

ठमाबाई शिडी घट्ट धरून राहिली.

"यात कळतं काकी सगळं. एक कितीदा दाबलं ते. तुम्ही एकदाही नाही दाबलंत."

"दाबलं का ती बंद व्हते."

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगल? मना समजत नाय? मी निघाले म्हनलं, का तिचं काम झालं. मंग ती कशाला बोलल?" ठमाबाईचा आवाज चढला. "पंदरा दिवसांनी एकदा येते. तीनदा बोलते. त्यान पन मी आपुन होऊन तिचं तोंड बंद करू?"

प्राप्तीने डबा बंद केला, स्क्रू आवळले. खाली उतरल्यावर तिने ठमाबाईच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

"एकदा दाबून बघा काकी," ती म्हणाली.

"का?"

"एकदा बघा. मी काही सांगणार नाही. ते माझ्या तोंडून ऐकायचं नाहीये." आणि शिडी उचलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने माणगावला.

ठमाबाईने मनाशी ठरवलं, दाबायचं नाही. पोरगी शिकलेली आहे, पण तिची मुलगी मेलेली नाही.

शिमग्याची पुनव आली. वर्षातल्या मोठ्या उधाणांतलं ते एक. धुळवडीला गाव सकाळपासून रंगलेलं होतं, देवळापुढे डीजे लावला होता, आणि त्याच्या दणक्याने म्हात्र्यांच्या घरातली भांडी फळीवरून पुढे पुढे सरकत होती. दुपारी फोन वाजला.

"आये, मी कल्पिता."

ठमाबाई ओटीवर बसून ऐकत होती. दयाराम तिच्याकडे बघत होता. तीनदा ऐकून झालं, तशी तिने मान वळवून देवळाच्या वाटेकडे बघितलं. आता कुणीतरी पळत येईल. विनेशचं रंगाने निळं झालेलं तोंड दिसेल.

कुणी आलं नाही. डीजे मात्र थांबला, क्षणभर. तेवढ्यात लांबून विनेशचाच आवाज आला, माईकवरून: "परत कोनी हार घातला काय रं?" मोठा हशा झाला आणि डीजे पुन्हा सुरू झाला.

"कोन येत नाय," दयाराम म्हणाला.

"येतील."

"ठमे, ते नाय येत. बग तिकरं."

तिने बघितलं. खुर्चीतून दयारामला दिसत होतं ते तिला आता दिसलं. उघाडीच्या तोंडातून नाला भरभरून आत येत होता. काठ सोडून पाणी विनेशच्या वालाच्या शेतात पसरलं होतं, उन्हात चकचकत, अगदी निवांत, पाहुण्यासारखं. त्याच्या पुढचं शेत प्राप्तीच्या घरचं. त्याच्या पुढं सगळ्यांचं.

दयारामने खुर्चीचे हात धरून उठायचा प्रयत्न केला. अर्धा उठला, परत बसला. दुसऱ्यांदा उठला, परत बसला. "मना उठव," तो म्हणाला. "मी जातो. मना नुसता उठव."

फोन परत वाजला. डब्याने सगळ्या गावाला विचारलं होतं, तरी दार पडलं नव्हतं, म्हणून तो पुन्हा पहिल्या नंबरावर आला होता. तो असंही करतो हे ठमाबाईला माहीत नव्हतं. आजवर वेळच आली नव्हती.

"आये, मी कल्पिता. पानी बांदाला लागलंय. दार बंद कर जा. निघालीस का एक दाब."

ठमाबाई उठली. अंगठा बटणावर होता. "निघाले ग," ती म्हणाली, आणि फोन बंद होईल म्हणून डोळे मिटून घेऊन तिने एक दाबलं.

फोन बंद झाला नाही. आत जरा खरखर झाली. मग कल्पिता हसली. ओटीवर कुणी बघत नाही ना, असं बघून माणूस हसतं तसं.

"बरं. पायऱ्यांव शेवाल हाय, पाय जपून टाक. उरी मारू नको बाबांसारखी, घरान एक लंगरा बास हाय." मागून दयारामचा आवाज आला, कोनाला लंगरा बोलतंस ग, आणि मग पुन्हा कल्पिताचा: "चल आये. ठेवतंय मी."

आणि तिने ठेवला.

दयारामने सगळं ऐकलं होतं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याची पाठ हलत होती. खोकतोय की काय ते समजत नव्हतं.

ठमाबाई बांधावर गेली. पायऱ्या ओल्या होत्या. तिने एकेक पाऊल चाचपून टाकलं, हाताने कठडा धरून, लहान मूल उतरतं तशी. घाई होती, पाणी आत जातच होतं, पण पायरीवर तिने घाई केली नाही. खाली उतरून चाकाला हात घातला. ते गंजलेलं होतं आणि ती साठीची होती. पहिल्यांदा हललं नाही. मग हललं. दार खाली बसलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की फोन अजून कानाशीच आहे, खांद्याने दाबून धरलेला.

विनेशचा वाल गेला. शेताचा खालचा तुकडा खारं पाणी पिऊन पुढे पांढरा पडला. रंग धुऊन तो संध्याकाळी आला, शेताच्या बांधावर उभा राहिला, मग ओटीवर आला.

"कोनी हार नव्हता घातला," ठमाबाई म्हणाली.

"व्हय काकी. दिसलं मना." तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने ओटीची शेवटची पायरी खरवडत होता. "तुमी लवकर निघाला असतात तर..."

"व्हय. माजीच चूक. तीन फोन मी बसून ऐकले."

विनेशने मान हलवली. त्याला भांडायचं होतं, पण ज्याच्याशी भांडायचं ते माणूस आधीच कबूल झालं होतं. "आमीपन आलो नाय," तो शेवटी म्हणाला.

पुढच्या सुट्टीला प्राप्तीने दुसरा सेन्सर लावला. शिडी ठमाबाईने धरली. विनेश आपण होऊन आला आणि दुसऱ्या बाजूने त्यानेही धरली, आणि वर चढलेल्या पुतणीला तिथून सूचना द्यायला लागला.

"काका, तू चहाचं बघ," प्राप्ती वरून म्हणाली.

तो खरंच गेला. चहा वाईट केला होता, पण आणला.

आता उधाणाला ठमाबाई पहिल्याच फोनला एक दाबते. दार वेळेवर पडतं, गावाला फोन जातच नाही. दोन-तीन उधाणं अशी गेल्यावर विनेश एका संध्याकाळी ओटीवर येऊन उगाच दयारामच्या खुब्याची चौकशी करत बसला. जाता जाता म्हणाला, "काकी, यंत्र चालू हाय ना?"

"चालू हाय. का?"

"नाय... मना फोन येत नाय आता."

"तुना कशाला येल? मी जातंय ना."

"ते व्हय. तसं नाय." बेचाळीस वर्षांचा नवतरुण दाराच्या चौकटीकडे बघत होता. "आये म्हनायची. सवय झालेली. एकांद्या वेली नाय दाबलंत... दार मी पारतो येऊन. नुसता एकदा."

ठमाबाईने त्याच्याकडे बघितलं. तिला ते समजलं. तिच्याइतकं कुणाला समजणार? गावात इतके दिवस सगळ्यांना वाटून मिळत होती, ती आता एकट्या तिच्या वाट्याला आली होती, आणि तीही पूर्वीपेक्षा कमी. तीनदाऐवजी एकदा. खरखर, हसणं, शेवाळ, लंगडा, आणि संपलं.

"नाय विनेश," ती म्हणाली.

"बरं."

"एवरे महिने मी तिला ताटकलत ठेवली. बोलून झालं तरी तिला फोन ठेवता येत नव्हता." ठमाबाईने कमरेची पिशवी सारखी केली. "मी नाय दाबलं, तर ती ठेवल कशी?"